न मागितलेलं झबलं

म्हैसूर, ४ ऑगस्ट २०१९, रविवार

परदेशात राहणाऱ्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो! आपल्या सगळ्यांची एक तक्रार आहे आणि ती आपण एकमेकांपाशीसुद्धा बोलत नाही. आपल्याच घरी आपल्याला कोणी काम सांगत नाही! आपण दारात पाऊल ठेवतो आणि घरातली सगळ्यांत चांगली खुर्ची पुढे येते. भाजी निवडायला बसावं तर विळी काढून घेतात. ताट उचलावं तर दुसरेच हात धावतात. 'तुम्ही बसा' या दोन शब्दांत आपल्याला हद्दपारीची शिक्षा सुनावलेली असते. मी विचारते, ज्याला काम नाही त्याला घर तरी आहे का?

इथवर लिहून झालं. पुढच्या रविवारी आमच्या शिंपी समाजाच्या सभागृहात सुट्टीवर आलेल्या परदेशस्थांचा मेळावा आहे आणि मुख्य भाषण माझं आहे. ग्लासगोत मी भाडेकरूंच्या सभांत बोलते, भर पावसात, हातात कर्णा घेऊन. तिथली माणसं हलत नाहीत जागची. इथलीही हलणार नाहीत.

काल पहाटे पोचले. धाकटा भाऊ नागराज बेंगळूरला घ्यायला आला होता. त्याची बायको मंजुळा बाळंतपणाला माहेरी गेली आहे, एच. डी. कोट्याच्या पुढे, कबिनीच्या पलीकडच्या गावात. किती वर्षं वाट पाहून त्यांना गुरुवारी मुलगी झाली. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मी आत्या झाले. लोकरीचे कपडे आणलेत तिच्यासाठी, टोपीला सशाचे कान. नागराजने एकेक हातात घेऊन पाहिला, "भारी आहेत, अक्का," म्हणाला आणि पुन्हा पेटीत नीट घडी घालून ठेवला.

माझी खोली आता खोली राहिलेली नाही. खिडकीशी आईचं शिवणाचं हातमशीन आणून ठेवलं आहे. नुकतंच तेल घातल्याचा वास येतो. त्यावर पांढरी मलमल, धुऊन धुऊन मऊ केलेली, चौपदरी घडी. माणूस बाहेरदेशी गेला की त्याच्या खोलीची अशी अडगळ होते. पुस्तकं ठेवायला जागा नव्हती, ती त्या मलमलीवरच रचली.

६ ऑगस्ट, मंगळवार

नागराज सकाळी सासुरवाडीला गेला. मीही येते म्हटलं. "पाऊस लई आहे, अक्का. वायनाडकडनं पाणी येतंय. मी बघून येतो, मग बाराव्या दिवशी आपण सगळेच जाऊ."

निघताना त्याने दोनदा सांगितलं, "दोरा वरच्या खणात आहे. पांढरा. कात्रीला धार लावलीय."

"माझं एकही बटण तुटलेलं नाही," मी म्हणाले.

तो हसला. डोक्यावर पिशवी धरून गाडीपर्यंत पळत गेला. लहानपणी शाळेत जाताना असाच पळायचा.

बाळासाठी लोकरीच्या कपड्यांची पेटी घेऊन जा म्हटलं होतं. ती दारामागेच राहिली.

८ ऑगस्ट, गुरुवार

धरणातून पाणी सोडलं. कबिनीवरचा पूल पाण्याखाली गेला आणि नागराज पलीकडे अडकला. मंजुळाच्या गल्लीत गुडघाभर पाणी आहे, म्हणून सगळ्यांना टेकडीवरच्या शाळेत हलवलं आहे. बाळंतिणीलाही. फोन लागतो, तुटतो, लागतो.

घरात मी एकटी. दुपारी टीव्हीवर पाणी दाखवत होते. तपकिरी, घाई नसलेलं पाणी. ग्लासगोतही मी एकटीच असते, पण तिथे एकटी असणं हा माझ्या दिवसाचा भाग असतो. इथे प्रत्येक भांडं दुसऱ्या कुणाचं तरी आहे. चहा करताना साखरेचा डबा सापडला नाही. बिनसाखरेचा प्यायले.

९ ऑगस्ट, शुक्रवार

आज वरमहालक्ष्मी. गल्लीत घरोघरी केळीचे खांब. शेजारच्या सरस्वतीमावशी हळदीकुंकू घेऊन आल्या. आईची मैत्रीण, ऐंशीच्या पुढे, कंबर वाकलेली, जीभ ताठ.

"शांते, वाळलीस गं. तिकडं जेवायला देत नाहीत, सुम्ने बोलायला लावतात वाटतं?"

'सुम्ने' म्हणजे उगीच. मावशींचं मराठी नेहमीच असं दोन घरांत नांदतं.

त्यांनी खोलीत डोकावून पाहिलं. मशीनवरच्या पुस्तकांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "अय्यो पांडुरंगा," एवढंच म्हणाल्या आणि कुंकू लावून गेल्या.

संध्याकाळी सभागृहात गेले. मेळावा रद्द. तिथे पूरग्रस्तांसाठी तांदूळ, चादरी गोळा करताहेत. समाजाचे सचिव महादेवराव कमरेला टॉवेल बांधून पोती शिवत होते. मी म्हटलं, माझं भाषण तयार आहे, लोकांना हाक घालते.

"अक्का, माइक गोदामात टाकलाय. आत्ता सुतळी पायजे. सुतळी हाय का तुमच्याकडं?"

"मग मी पोतं धरते."

"छे छे! तुम्ही बसा की. ए, अक्कांना खुर्ची दे रे!"

खुर्ची आली. पाठीला उशीसकट.

१० ऑगस्ट, शनिवार

अजून संतापात लिहिते आहे. अक्षर बघा.

सकाळी मंजुळाचा फोन लागला. शाळेच्या वर्गात बाकं जोडून निजलेत. खिडकीची काच फुटली आहे. "बाळ शिंकतंय, अक्का. पण पोटाशी धरलंय. माझ्या अप्पांच्या जुन्या धोतरात गुंडाळलंय."

"धोतरात? तिथे कपडे वाटत नाहीत का?"

"वाटतात. स्वेटरपण दिले."

"मग घाल!"

पलीकडे नुसता पाऊस ऐकू आला. मग ती म्हणाली, "बारशाच्या आधी शिवलेलं घालत नाहीत ना आपल्यात."

माहीत आहे मला! शिंप्याच्या घरचं मूल बारशापर्यंत न शिवलेल्या कापडात राहतं. पहिला टाका अंगाला लागतो तो बारशाच्या दिवशी. म्हणजे जगभराच्या पोरांना कपडे शिवणारे आम्ही, आणि आमचंच पोर पुरात धोतरात कुडकुडणार! मी बोलले. चांगलं बोलले. म्हटलं, रीत माणसासाठी असते, माणूस रितीसाठी नाही. म्हटलं, ज्या रितीला गारठ्यात निजलेल्या बाळाची दया येत नाही तिला तुम्ही दया का दाखवता? म्हटलं, मी तुझी नणंद म्हणून सांगते, या घरातून ती रीत मी आज काढून टाकली!

मंजुळाने सगळं ऐकून घेतलं. "बरं, अक्का," म्हणाली. नागराज म्हणतो तसंच.

फोन तुटला. मी जिंकले होते, नाही का? मग दुपारभर मला जेवण का गेलं नाही?

११ ऑगस्ट, रविवार

आज माझं भाषण झालं असतं. त्याऐवजी मला ऐकावं लागलं.

सरस्वतीमावशींकडे गेले होते, मंजुळाची तक्रार घेऊन. त्या पायरीवर बसून अवरेकाळू, म्हणजे पावट्याचे दाणे, सोलत होत्या. मी मूठभर उचलले. आश्चर्य म्हणजे त्यांनी काढून घेतले नाहीत.

"पोरीला थंडी वाजतेय आणि हे रीत घेऊन बसलेत!"

"कोण बसलंय? तूच बसलीस की."

"मी?"

"बारशाचं झबलं कोण शिवतंय शिंप्याच्या घरात? आत्या. तुझं कुणी शिवलं? तुझ्या आत्यानं. नागूचं? तिनंच. त्या पोरीला आत्या कोण? मी?"

मी एक शेंग सोलली. मग म्हटलं, "मला कुणी सांगितलं नाही."

"आत्याकडं मागायचं नसतंय गं. मागून शिवलेलं अंगाला लागत नाही म्हणतात."

"मग मला कळणार कसं?"

मावशींनी शेंग माझ्या नाकासमोर धरली. "मंजुळानं सातव्या महिन्यात मलमल आणली. किती वेळा धुतली ते मी बघितलंय, याच दोरीवर वाळत होती. नागूनं मशीनला तेल घातलं. तुझ्या खोलीत ठेवलं. कात्रीला धार लावली. दोरा कुठं हाय ते सांगितलं का नाही?"

"सांगितलं."

"मग आणि काय, दवंडी पिटायची होती? वाचून वाचून डोळे गेले तुझे. घरातलं सोडून सगळं दिसतंय."

मी रितीच्या अन्यायाबद्दल काहीतरी बोलायला लागले. त्या म्हणाल्या, "ते नंतर. पावटा नीट सोल, किडका टाकतेस आत."

घरी येऊन मशीनवरची पुस्तकं उतरवली. मलमलीवर एका पुस्तकाचा निळा डाग पडला आहे, बोटाच्या पेराएवढा. धुतला. जात नाही.

तरीही लिहून ठेवते: ही रीत मूर्खपणाची आहे, असंच माझं मत आहे. लहान मुलाला मध्ये घालून मोठ्यांनी एकमेकांशी मुक्यानं बोलायचं, हे काय बोलणं झालं?

१२ ऑगस्ट, सोमवार

बारावा दिवस. पूल पाण्यातच.

सकाळपासून शिवते आहे. आईने मला शिकवलं होतं. मी ते विसरण्यासाठी किती कष्ट घेतले! शिंप्याची मुलगी म्हणून कॉलेजात सगळे मला हसत होते, तेव्हा ठरवलं होतं की सुईला हात लावणार नाही. सुईत दोरा ओवायला चष्मा दोनदा पुसला. चाक उलटं फिरवलं, दोरा गुंतून गाठ झाली. पहिलं झबलं वाया गेलं, बगल एवढी तंग कापली की त्यात बाहुलीचा हात जाणार नाही. उरलेल्या कापडात एकच होणार होतं. निळा डाग नेमका त्या भागात आला. तो आतल्या दुमडीत दडवला.

शिवण बाहेरून ठेवली, बाळाच्या अंगाला रुतू नये म्हणून. हे मला कुणी सांगितलं नाही. हातांनाच आठवलं.

मावशींनी तपासलं. उजेडाला धरलं. "एक बाही मैसूरला, एक बेंगळूरला निघालीय."

"उसवू का?"

"नको नको. बाळाला कुठं मापं कळतात? आणि आता उसवलंस तर कापडच उरायचं नाही." मग बंदांच्या टोकाला स्वतःच्या दातांनी दोरा तोडला आणि झबलं माझ्या हातात ठेवलं. हसल्या नाहीत. त्यामुळे मला रडू आलं असतं, म्हणून मी चहा करायला उठले. साखर पिठाच्या डब्यामागे होती.

१३ ऑगस्ट, मंगळवार

समाजाचा मदतीचा टेम्पो पाण्याच्या काठापर्यंत जाणार होता. मी झबलं पिशवीत घेऊन हजर.

"बाईमाणसांना नेत नाही, अक्का," महादेवराव म्हणाले.

मी तिथेच, सभागृहाच्या पायरीवर, माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत छोटा श्रोतृवृंद असलेलं भाषण केलं. समानतेपासून सुरुवात केली. महादेवरावांनी मध्येच हात जोडले.

"बसा! चादरींवर बसा. पण तिकडं तोंड उघडू नका. बोटवाले घाबरून परत जातील."

पोरं हसली. मीही. मला गठ्ठे उचलू दिले, बहुतेक गप्प बसवायला. दंड दुखताहेत. छान दुखताहेत.

पुलाचे फक्त कठडे दिसत होते. त्या बाजूची टेकडी, शाळेचं पत्र्याचं छप्पर, सगळं समोर. हाक मारली तर पोचेल असं वाटावं इतकं. अग्निशमन दलाची रबरी बोट औषधं, तांदूळ आणि आजारी माणसं एवढंच नेत होती. मला नाही म्हणाले. मी वाद घातला नाही, बोटीत एक तापाने फणफणलेली म्हातारी निजली होती.

बोटीवरच्या तरुणाला पिशवी दिली. त्याने कन्नडमध्ये विचारलं, यात काय आहे? मी, जिने चौकात उभं राहून घरमालकांना घाम फोडला आहे, मला दोनच शब्द सुचले.

"मगु बट्टे." बाळाचे कपडे.

त्याने मंजुळाचं नाव विचारून घेतलं आणि पिशवी नारिंगी जाकिटाच्या आत, छातीशी खोचली. बोट वळली. ती लहान होईपर्यंत मी पाहत उभी होते. महादेवराव टेम्पोत बसून होते, पण त्यांनी भोंगा वाजवला नाही.

१४ ऑगस्ट, बुधवार

फोन आला! आधी नागराज.

"अक्का, पोचलं. बरोब्बर बसलंय. जरा एक बाही..."

"माहीत आहे मला बाहीचं."

"नाही, चांगलं आहे. ती हात हलवती तेव्हा कळत पण नाही."

मग मंजुळा. ती काही वेळ नुसतीच नाक ओढत होती. सर्दी झाली का विचारलं तर म्हणाली, "नाही, अक्का." बाळाची शिंक थांबली आहे.

"बारसं झालं का? नाव काय ठेवलं?"

"नाही केलं."

"बारावा दिवस तर सोमवारीच झाला!"

"होय की. अप्पा लई रागावले. म्हणाले, आमच्या घरात बारावा कधी चुकला नाही." अप्पा म्हणजे तिचे वडील, संताजीराव, गावातले कापडवाले, पोथी वाचल्याशिवाय पाणी न पिणारे.

"मग थांबवलं कुणी?"

"मीच. म्हटलं, तिच्या कानात नाव आत्याच सांगेल. पाणी उतरू दे."

मी विषय बदलला. म्हटलं, झबलं तरी बारशाआधी कसं घातलंस?

"थंडी होती ना, अक्का. तुम्हीच म्हणालात."

मागून बाळाचा आवाज आला. रडणं नव्हे, कुरकुर. पहिल्यांदा ऐकला. पूल तपासून सोमवारी वाहतूक सोडतील, असं नागराज म्हणाला.

"तुमचं विमान शनिवारी, अल्वा? शनिवारीच ना?" मंजुळाने विचारलं.

"हो. मंगळवारी आमची मोठी सभा आहे."

"होय की. कामं असतात."

एवढंच. थांबा म्हणाली नाही. स्पष्ट बोलायला या घरात कुणी कधी शिकणार?

१५ ऑगस्ट, गुरुवार

ग्लासगोहून सभेच्या संयोजकांचा निरोप: "पुराचं वाचलं. आलात तर छानच. नाही आलात तरी चालेल, दुसरं कुणी बोलेल." सभ्य माणसं. मला ओझं वाटू नये म्हणून लिहिलं असेल.

बॅग भरली. मशीन कापडाने झाकलं.

१७ ऑगस्ट, शनिवार, बेंगळूर विमानतळ

म्हैसूरहून बसने आले. सरस्वतीमावशींनी चित्रान्नाचा डबा दिला आणि नेहमीसारखं 'पुन्हा कधी?' विचारलं नाही. दारातून म्हणाल्या, "विमान काय, चुकलं तर दुसरं येतंय." मी हसले. बस मंड्याच्या पुढे गेल्यावर हसू ओसरलं.

सामान अजून दिलेलं नाही. रांगेबाहेरच्या बाकावर बसले आहे. नागराजने फोटो पाठवला. शाळेचा फळा, त्यावर कुणीतरी लिहिलेले पाढे, आणि खाली मंजुळाच्या मांडीवर माझं झबलं घातलेली, डोळे मिटलेली, अजून नाव नसलेली मुलगी. फोटोखाली त्याने काहीही लिहिलेलं नाही.

न झालेलं भाषण आज पूर्ण करावं म्हणून वही काढली. श्रोत्यांनो, असं लिहिलं आणि समोर पाहिलं. माणसं आपापल्या पेट्या ओढत चालली आहेत. कुणी माझा श्रोता नाही. या बाकावर एक आहे फक्त. तिच्याशी बोलते.

बाई, तू आयुष्यभर रिती मोडा म्हणून सांगत आलीस. त्या मंजुळाने एका आठवड्यात दोन मोडल्या. एक बाळाच्या थंडीसाठी, एक तुझ्यासाठी. बापाचा राग अंगावर घेऊन, पुराने वेढलेल्या शाळेत, कुणाचं भाषण न ऐकता. आणि तू? तुझ्या हातातला तिकिटाचा एक कागद तुला मोडवत नाही! ज्या सभेने तुझ्याशिवाय चालेल असं लिहून कळवलं तिथे तू धावतेस, आणि जिथे तुझ्याशिवाय एका माणसाचं नावसुद्धा ठेवलेलं नाही तिथून तू निघतेस. कुणी थांब म्हणालं नाही, अशी तुझी सबब आहे. ते म्हणणार नाहीत. त्यांच्यात मागत नाहीत.

तुझ्यात, बाई. तुझ्यातही मागत नाहीत.

सामानाची रांग लहान होत आली आहे. काउंटरवरची मुलगी मोकळी दिसते. आता टाळ्यांची वाट पाहू नकोस. शांता, ही वही बंद कर, ऊठ, त्या मुलीसमोर जाऊन उभी राहा आणि तुझं तिकीट बारशानंतरच्या तारखेवर ढकल.